विंगरने रग्बीचा प्रकार बदलावा का? जेसन रॉबिन्सनच्या निमित्ताने

तुम्ही लिहिले आहे, की तुमचा भाचा पुण्यात रग्बी युनियन (पंधरा जणांचे रग्बी) खेळत मोठा झाला, कॉलेजच्या संघात विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा वेगवान गडी, म्हणून त्याचे नाव झाले, आता तो शिक्षणासाठी लीड्सला गेला आहे आणि तिथे विद्यापीठाच्या रग्बी लीग (तेरा जणांचे रग्बी) संघाने त्याला सरावाला बोलावले आहे. घरी फोनवर बोलताना त्याने इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सन या विंगरचे उदाहरण दिले: तोही लीड्सचाच, त्यानेही एका रग्बीतून दुसऱ्या रग्बीत उडी मारली आणि तीन वर्षांत विश्वचषक जिंकला, विंगरला काय, दोन्हीकडे पळायचेच तर असते. तुमचा प्रश्न असा, की हे खरोखर इतके सोपे आहे का, आणि असेल तर नावाजलेले कितीतरी खेळाडू हाच बदल करताना तोंडघशी कसे पडले.

मी मुंबईत युनियन शिकलो आणि गेली बरीच वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये दोन्ही प्रकारांतल्या हौशी क्लबांच्या बॅक (मागच्या फळीतल्या) खेळाडूंना शिकवतो, हिवाळ्यात युनियन आणि उन्हाळ्यात लीग. त्यामुळे हा प्रश्न दर मोसमात कोणी ना कोणी विचारतेच. त्याचे उत्तर खेळाडूचे वय, शरीराची ठेवण, प्रशिक्षक आणि ज्या संघात तो जाणार त्या संघाची खेळण्याची पद्धत यांवर अवलंबून असते, आणि मुलाला मैदानावर पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी ठाम बोलणे बरे नव्हे. मात्र रॉबिन्सनचा दाखला त्याने जिथे लावला आहे तिथे तो लागू पडत नाही, एवढे न पाहताही सांगता येते. रॉबिन्सन लीगमधून युनियनमध्ये गेला. तुमचा भाचा युनियनमधून लीगमध्ये जायचे म्हणतो आहे. वाट उलटी आहे आणि तिच्यावरचे खाचखळगेही निराळे आहेत.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या उड्यांचा अर्थ लागत नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण मजुरीचे होते. शनिवारी खेळायला जाणाऱ्या गिरणी-खाण कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यावा, असे उत्तरेचे म्हणणे होते. पैसा आला की खेळ बाटला, असे संघटनेचे. फुटून निघालेल्यांनी पुढे नियमही बदलले, १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, आणि त्यातून आजचे लीग घडत गेले. युनियनने आपले सोवळे ऑगस्ट १९९५ पर्यंत पाळले. तोवर लीगचे पैसे घेतलेल्या खेळाडूला युनियनचे दार कायमचे बंद होत असे. म्हणजे १९९५ च्या आधी प्रकार बदलणे हा एकेरी प्रवास होता, नंतर तो दुहेरी झाला. रॉबिन्सनची कारकीर्द नेमकी या सांध्यावर उभी आहे.

आता विंगरकडे येऊ. दोन्हीकडे तो मैदानाच्या कडेला असतो, दोन्हीकडे त्याने ट्राय करावेत, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते, म्हणून काम एकच आहे असे वाटते. फरक दिसतो तो टॅकल झाल्यानंतरच्या, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडल्यानंतरच्या, दोन-तीन सेकंदांत. लीगमध्ये खेळाडू पाडला गेला, की बचाव करणारे त्याच्यावरून उठतात, तो उभा राहतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो आणि मागचा सहकारी तो उचलतो. प्रतिस्पर्ध्यांची फळी तोवर दहा मीटर मागे हटलेली असते. असे सहा टॅकल मिळतात. सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून पाचव्यानंतर बहुधा किक मारली जाते. हातातून चेंडू सुटला नाही तर पडल्यावरही तो आपलाच, अशी विंगरला खात्री असते. युनियनमध्ये पडल्याबरोबर चेंडू सोडावा लागतो आणि तो कोणाच्या हाती जाणार हे त्याच्या अंगावरच्या झटापटीत, म्हणजे रकमध्ये, ठरते. सहकारी वेळेत पोचले नाहीत आणि प्रतिस्पर्ध्याने वाकून चेंडूवर हात टाकला, तर चेंडू धरून बसल्याबद्दल पेनल्टी जाते आणि बरा किकर त्या पेनल्टीचे तीन गुण करतो.

बाकीचे बरेचसे फरक यातूनच निघतात. लीगच्या विंगरला रिकामी जागा दिसली की त्याने एकट्याने घुसावे, कारण एकटे पडल्याने फारसे बिघडत नाही. युनियनच्या विंगरने तसेच केले आणि वीस मीटर पुढे जाऊन तो पडला, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि चेंडू मात्र हातचा जातो. सरावात हा फरक स्पष्ट दिसतो. लीगमध्ये वाढलेला मुलगा पडता पडता कोपर-गुडघ्यांवर अंग तोलतो आणि लगेच उठायला धडपडतो, कारण तो जितक्या लवकर उभा राहील तितकी समोरची फळी विस्कळीत सापडते. युनियनमध्ये वाढलेला मुलगा पडताना कंबरेतून वळतो, तोंड आपल्या गोटाकडे करतो, दोन्ही हात लांब करतो आणि चेंडू जमेल तितका मागे टेकवून मोकळा होतो. ही सवय वर्षानुवर्षांची असते. लीगच्या पहिल्या सरावांत युनियनचा विंगर न उठता असाच चेंडू मागे ठेवून देतो. तिथे तो नियमभंग ठरतो. हा दोष विचारातला नसून अंगातला असल्यामुळे सांगून सुधारत नाही, पुन्हा पुन्हा पडूनच सुधारतो.

चेंडू हातात नसतानाचे काम तर याहून वेगळे आहे. युनियनमध्ये दोन विंगर आणि फुलबॅक (सगळ्यांत मागे उभा राहणारा खेळाडू) मिळून मागच्या जागेची राखण करतात. चेंडू डावीकडे असेल तर उजवा विंगर मागे सरकतो, किक परतवतो, कधी स्वतः लांब किक मारतो, आणि गरज पडली तर रकमध्ये खांदाही घालतो. लीगचा विंगर सहसा आपली कड सोडत नाही. समोरच्यांनी किक मारल्यावर आपल्या ट्रायरेषेजवळून चेंडू बाहेर काढण्याचे पहिले एक-दोन टॅकल हल्ली बहुतेक विंगरच घेतात, कारण पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू तोवर धापा टाकत मागे येत असतात. तीन बचावपटू वाट पाहत उभे असताना त्यांच्या अंगावर धावून जायचे, पडायचे आणि झटकन उठायचे, हे काम टीव्हीवर कोणाच्या लक्षातही येत नाही. पाचव्या टॅकलनंतर कोपऱ्यात येणारी उंच किक झेलायची, हे दुसरे काम. तिसरे आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे बचावात आत यायचे की बाहेर थांबायचे, हा निर्णय. समोरचे चौघे आणि आपण तिघे असताना अर्धा सेकंद आधी आत आले तर कोपरा उघडा पडतो, अर्धा सेकंद उशीर झाला तर आतून भगदाड पडते. विंगरला फक्त पळायचे असते, असे म्हणणाऱ्याने एकदा हे करून पाहावे.

एवढी पार्श्वभूमी लक्षात ठेवून रॉबिन्सनकडे पाहिले, की त्याचे यश जादूचे वाटत नाही. १९७४ मध्ये लीड्समध्ये जन्मलेला हा मुलगा तिथल्याच हन्स्लेट भागातल्या हौशी लीग क्लबातून पुढे आला आणि सतराव्या वर्षी विगन या लीग क्लबाने त्याला करारबद्ध केले. विगन त्या काळात लीगचा अनभिषिक्त राजा होता. तिथे त्याच्या आसपास कोण होते ते पाहा: लंडनच्या युनियन क्लबातून लीगमध्ये आलेला मार्टिन ऑफिया आणि न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाची जर्सी सोडून आलेला व्हाइंगा तुइगामाला, दोघेही विंगर, दोघेही प्रकार बदललेले. १९९५ च्या लीग विश्वचषकात इंग्लंडचा संघ वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून १६-८ असा हरला, तेव्हा इंग्लंडच्या एका कडेला ऑफिया होता आणि दुसऱ्या कडेला रॉबिन्सन. प्रकार बदलणे म्हणजे काय, हे त्याने ड्रेसिंग रूममध्ये रोज जवळून पाहिलेले होते.

१९९६ च्या मे महिन्यात एक गमतीशीर प्रयोग झाला, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. लीगचा बादशहा विगन आणि युनियनचा बादशहा बाथ एकमेकांशी दोन सामने खेळले. मँचेस्टरच्या मेन रोडवर लीगच्या नियमांनी खेळताना विगनने ८२-६ असा धुव्वा उडवला. ट्विकनहॅमवर युनियनच्या नियमांनी खेळताना बाथने ४४-१९ असा हिशेब चुकता केला. माणसे जवळपास तीच, दोन सामन्यांत तीन आठवड्यांचेही अंतर नाही. पळण्याचा वेग या काळात कोणाचाच कमी झाला नव्हता. चेंडूसाठी झगडण्याचे नियम बदलले होते. याच महिन्यात विगनने मिडलसेक्स सेव्हन्स ही युनियनची मानाची स्पर्धा मात्र जिंकली, कारण सात-सात खेळाडूंच्या त्या खेळात रक आणि स्क्रमला (दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी केलेल्या रेटारेटीला) फारसे महत्त्व उरत नाही, मोकळी जागा आणि एकास एक गाठ यांवरच सगळे ठरते. सेव्हन्सचा हा मुद्दा भाच्यासाठी पुन्हा लागणार आहे.

त्याच वर्षी लीगचा मोसम हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला आणि रॉबिन्सनला हिवाळा मोकळा मिळाला. विगनमधला त्याचा सहकारी हेन्री पॉल आणि तो, दोघे काही महिन्यांसाठी बाथकडून युनियन खेळले. तिथून तो विगनला परतला आणि आणखी काही वर्षे लीगच खेळला. १९९८ च्या पहिल्या सुपर लीग ग्रँड फायनलमध्ये लीड्सविरुद्ध विगनचा एकमेव ट्राय त्याचाच होता आणि सामनावीराचा हॅरी संडरलंड करंडकही त्यालाच मिळाला. नोव्हेंबर २००० मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, तो ग्रेटर मँचेस्टरमधल्या सेल शार्क्स या युनियन क्लबाकडे गेला. लोक सांगतात ती गोष्ट इथून सुरू होते: आला, पाहिले, जिंकले. प्रत्यक्षात युनियनच्या रकमध्ये आपण कुठे कमी पडतो, हे तो चार वर्षांपूर्वीच एका हिवाळ्यात अनुभवून गेला होता. या मधल्या टप्प्याला मी फार महत्त्व देतो आणि माझ्याकडच्या मुलांनाही तो घ्यायला लावतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये इटलीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश आणि आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाचे, प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनी त्याला ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नेले आणि ३० जून रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर पहिल्या कसोटीत डाव्या कडेला उभे केले. सामना सुरू होऊन तीन मिनिटेही झाली नसतील. चेंडू डावीकडे त्याच्या हाती आला तेव्हा समोर ऑस्ट्रेलियाचा फुलबॅक क्रिस लेथम होता, आणि लेथम व बाजूची रेषा यांच्यामध्ये जेमतेम काही मीटरांची पट्टी होती. बहुतेक विंगर इथे पूर्ण वेगाने बाहेरून जायचा प्रयत्न करतात आणि रेषेबाहेर ढकलले जातात. रॉबिन्सनने उलट पावले आखडली, जवळजवळ जागच्या जागी दोन-तीन लहान पावले टाकली, आत जाण्याची हूल दिली, लेथमचे वजन आतल्या पायावर गेले आणि त्याच क्षणी हा बाहेरून निसटून कोपऱ्यात पोचला. खो-खोत पाठलाग करणारा अंगावर येईपर्यंत थांबून ऐन वेळी हुलकावणी देणारा खेळाडू तुम्ही पाहिला असेल, तर ही कला तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. लायन्सने तो सामना २९-१३ असा जिंकला, मालिका मात्र २-१ अशी गमावली.

ही हूल लीगमध्ये घडलेली आहे, हे लक्षात घ्या. लीगमध्ये बचावाची फळी दहा मीटर मागे असते, ती सरळ रेषेत चालून येते आणि विंगरला आपल्या माणसाशी एकास एक गाठ पुन्हा पुन्हा मिळते. वर्षानुवर्षे तेच करून त्याला थांबलेल्या स्थितीतून सुटण्याची कला साधली. पाच फूट आठ इंचांच्या, बसक्या बांध्याच्या शरीराचाही त्यात वाटा होता. युनियनमध्ये तेव्हा विंगर हळूहळू आडदांड होत चालले होते, आणि अशा बचावपटूंना एकदम दिशा बदलणे जड जाते. नुसत्या सरळ वेगावर जगणारा लीगचा विंगर युनियनमध्ये आला असता तर त्याला इतकी मोकळी धाव मिळालीच नसती, असे माझे मत आहे.

दुसरे कारण प्रशिक्षकांकडे जाते. इंग्लंडचे क्लाइव्ह वुडवर्ड यांनी त्याला कडेला बांधून ठेवले नाही. अनेकदा फुलबॅक म्हणून खेळवले. नोव्हेंबर २००१ मध्ये इंग्लंडने रोमानियाला १३४-० असे हरवले, त्यात त्याचे चार ट्राय होते. रोमानियाविरुद्धच्या ट्रायना फार किंमत देऊ नये हे खरे, पण फुलबॅकच्या जागेवरून त्याला समोरची सगळी फळी दिसत होती आणि विस्कळीत बचावात कुठे शिरायचे हे तो स्वतः निवडत होता. त्याची उणीव होती ती किकची. आलेली किक परत किकने न देता तो धावत सुटे, आणि संघाने ती उणीव झाकण्यापेक्षा त्या धावण्यालाच मदत पुरवली. शिवाय बचावाचे प्रशिक्षक फिल लार्डर हे स्वतः लीगमधून आलेले होते. नवख्या माणसाला त्याच्याच भाषेत समजावणारे कोणीतरी तिथे होते, ही गोष्ट किरकोळ नाही.

आता २००३ चा अंतिम सामना, जो तुमच्या भाच्याने पाहिलेला दिसतो. २२ नोव्हेंबर, सिडनी, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, जादा वेळेनंतर २०-१७. त्या सामन्यात दोनच ट्राय झाले आणि दोन्ही लीगमधून आलेल्या विंगरांनी केले. सहाव्या मिनिटाला स्टीफन लार्कमने कोपऱ्याकडे उंच तिरकी किक मारली आणि लोटे तुकिरीने रॉबिन्सनच्या डोक्यावरून ती झेलली. ही किक आणि हा झेल लीगमध्ये आठवड्यागणिक पाहायला मिळतो. रॉबिन्सनला बचाव माहीत नव्हता असे नाही, त्याची उंचीच पुरली नाही. मग मध्यंतराच्या जरा आधी लॉरेन्स डलालियोने मुसंडी मारली, चेंडू जॉनी विल्किन्सनकडे आला आणि त्याने डावीकडे धावत येणाऱ्या रॉबिन्सनला दिला. तो घसरत कोपऱ्यात गेला. त्याच्या पाठीवर १४ हा आकडा होता. म्हणजे तो उजवा विंगर होता आणि ट्राय डाव्या कोपऱ्यात केला. लीगमध्ये सहसा न मिळणारी भटकण्याची मुभा युनियनने त्याला दिली, आणि लीगने शिकवलेला शेवटचा घाव त्याने तिथे घातला. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीचे मर्म या एका ट्रायमध्ये आहे.

त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या पंधरांत तुकिरी, वेंडेल सेलर आणि मॅट रॉजर्स असे तिघे लीगमधून आलेले होते. सेलर लीगचा मोठा तारा, पण अंतिम सामन्यात त्याच्या वाट्याला फार काही आले नाही आणि त्याला मैदानाबाहेर जावे लागले. कड धरून थांबणाऱ्या विंगरपर्यंत चेंडू पोचवणे हे युनियनमध्ये दहा इतर गोष्टी जमून येण्यावर अवलंबून असते, हे यावरून कळावे. रॉबिन्सन पुढे २००४ मध्ये इंग्लंडचा कर्णधार झाला, २००६ मध्ये सेलने प्रीमियरशिप जिंकली तेव्हा तिथलाही कर्णधार होता, निवृत्तीतून परत येऊन २००७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला (तो दक्षिण आफ्रिकेने १५-६ असा जिंकला), आणि इंग्लंडकडून ५१ कसोटींत २८ ट्राय करून थांबला.

मग बाकीचे का आपटले? बहुतेक वेळा जागेमुळे. सॅम बर्जेस हे गाजलेले उदाहरण घ्या. लीगमध्ये तो पुढच्या फळीतला अफाट ताकदीचा खेळाडू होता. २०१४ मध्ये बाथकडे आल्यावर क्लबने त्याला फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा पुढचा खेळाडू) म्हणून खेळवले, इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात सेंटर (बॅक फळीतला मधला खेळाडू) म्हणून. इंग्लंड गटातच बाद झाले आणि तो थोड्याच दिवसांत सिडनीला लीगकडे परतला. त्याची कुवत कमी होती असे कोणी जाणकार म्हणणार नाही. पण फ्लँकर रकच्या पोटात राहतो आणि सेंटर बचावाची दोरी धरतो. या जागांवरचे शेकडो बारीक निर्णय एका मोसमात अंगी येत नाहीत. विंगरला तो वेळ मिळतो, कारण त्याच्या चुका मैदानाच्या कडेला होतात आणि त्याच्या हाती चेंडू कमी वेळा येतो. तेव्हा ‘विंगरला हे सोपे जाते’ या भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याचे कारण पळणे हे नाही.

त्याच्या वाटेचे खरे पूर्वसूरी दुसरेच आहेत. बिली बोस्टन हा कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला मुलगा १९५३ मध्ये युनियन सोडून विगनला गेला आणि कारकिर्दीत त्याने ५७१ ट्राय केले. वेल्सच्या युनियन संघाकडून तो कधीच खेळू शकला नाही, आणि २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, लीगचा पहिला ‘सर’ झाला. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन हा विंगर हल शहरातल्या लीग क्लबाकडे गेला आणि १९७२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार होता. आणि ऑफिया: रॉसलिन पार्क या लंडनच्या क्लबाकडून सेव्हन्समध्ये चमकल्यावर १९८७ मध्ये विडनेस या लीग क्लबाचे प्रशिक्षक डग लॉटन यांनी त्याला उचलले, जानेवारी १९९२ मध्ये विगनने ४,४०,००० पौंड मोजून विकत घेतले, आणि तो ५०१ ट्रायवर थांबला. १९९४ च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात लीड्सविरुद्ध आपल्याच ट्रायरेषेजवळून निघून त्याने केलेला ट्राय भाच्याला जरूर पाहू द्या, पण त्यावरून आपले काम ठरवू देऊ नका. ऑफियाच्या काळात वेगवान विंगरने कडेला वाट पाहावी आणि चेंडू आला की वाऱ्यासारखे सुटावे, हे चालत असे. आजच्या लीगमध्ये तसा विंगर दुसऱ्या सामन्यानंतर बाकावर बसेल.

तर मुद्द्याचे. तुमचा भाचा आपल्याकडे खेळला म्हणजे बहुधा सेव्हन्स भरपूर खेळलेला असणार, आणि ही त्याची जमेची बाजू आहे: मोकळ्या मैदानातला एकास एक टॅकल, मागे हटून पुन्हा फळी धरणे, लांब पल्ल्याची दमछाक, हे सगळे लीगला जवळचे आहे. फक्त पावसाळी चिखलात रक-मॉलच्या (चेंडूभोवतीच्या रेटारेटीच्या) जोरावर पंधरांचे रग्बी खेळला असेल, तर जुळवून घ्यायला जास्त वेळ लागेल. पहिल्या महिन्यात त्याने ट्रायचा विचारच करू नये. पडून उठणे आणि पायाने चेंडू मागे सारणे हे दमलेल्या अवस्थेत, सरावाच्या शेवटी, रोज करावे. तिघांच्या अंगावर धावून जाताना चेंडू दोन्ही हातांनी कसा कवटाळायचा, हे पुढच्या फळीतल्या एखाद्या जुन्या गड्याकडून शिकावे. विंगर लोक हे एकमेकांना नीट शिकवत नाहीत. आत-बाहेरचा निर्णय तो एकट्याने शिकू शकणार नाही, त्यासाठी आपल्या बाजूच्या सेंटरशी सतत बोलण्याची सवय लागते, आणि परदेशात नवीन असलेल्या मुलाला उच्चार-भाषेच्या संकोचामुळे नेमके तेच जड जाते. त्याला सांगा, की मैदानावर मोडकेतोडके पण मोठ्याने बोल.

आणि युनियन लगेच सोडू नये. आता दोन्ही खेळण्यावर बंदी नाही; अडचण आहे ती वेळापत्रकाची, कारण विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी असतात आणि दोन्ही संघांचे एकाच दिवशी येऊ शकतात. या वर्षी विद्यापीठात युनियनच चालू ठेवून उन्हाळ्यात लीड्सच्या आसपासच्या एखाद्या हौशी लीग क्लबात खेळून पाहिले, तर रॉबिन्सनने बाथमध्ये जो एक हिवाळा घालवला त्याच्यासारखेच ते होईल, फक्त उलट्या बाजूने. लीगच्या प्रशिक्षकाला मात्र त्याने आताच भेटावे आणि विचारावे, की पहिल्या टॅकलला चेंडू घेऊन जायला विंगर म्हणून मी तुम्हाला चालेन का, की तुम्हाला नुसता वेगवान माणूस हवा आहे. उत्तर दुसरे आले, तर उन्हाळ्यापर्यंत थांबलेले बरे.